आधीचंच बरं होतं!

"माझा चिमटा कुठं ठेवलास गं?" हा प्रश्न ज्या घरात कधीच विचारला गेला नाही, असं घर शोधून सापडायचं नाही. नवी सून हौसेनं ओटा आवरते, डबे नव्यानं लावते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा पारा चढतो. आपण म्हणतो, वय झालं, बदल सोसत नाही त्यांना. पण जरा त्यांच्या बाजूनं बघा. तव्यावर पोळी फुगलेली, एक कान कुकरच्या शिट्टीकडे, आणि हात आपोआप डावीकडच्या खुंटीवर जातो. बघावं लागतच नाही, पंचवीस वर्षांत हाताला ते पाठ झालेलं असतं. तो हात रिकामा परत येतो तेव्हा राग चिमट्याचा नसतो. आपल्याला चांगली येणारी गोष्ट एका रात्रीत येईनाशी झाली, त्याचा असतो.

जून २०२१ मध्ये असाच राग जगभरातल्या संगणक वापरणाऱ्यांना आला होता. निमित्त होतं फायरफॉक्सचं.

आपण फोनवर किंवा संगणकावर इंटरनेट ज्यातून बघतो, त्याला ब्राउझर म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकींच्या फोनमध्ये क्रोम असतं, आयफोनवालींकडे सफारी. फायरफॉक्स हा त्यांचाच भाऊबंद, मोझिलाचा, २००४ सालापासूनचा. तो मराठीतही मिळतो आणि त्याचं मराठीकरण स्वयंसेवकांनी केलंय, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. तर १ जून २०२१ रोजी त्याची ८९ वी आवृत्ती आली आणि सोबत नवं रूप, 'प्रोटॉन' नावाचं. आपण जी पानं उघडतो, त्या प्रत्येकाची एक छोटी पट्टी वर दिसते, तिला टॅब म्हणतात. आधी या टॅब खालच्या पानाला जोडलेल्या दिसायच्या, फायलीला लावलेल्या चिठ्ठीसारख्या. आता त्या सुट्या होऊन बटणांसारख्या तरंगायला लागल्या. मेनूतली छोटी चित्रं गेली, नुसते शब्द उरले. सगळं कसं मोकळं, ऐसपैस.

आणि लोक चिडले. कुठल्या टॅबवर आपण आहोत तेच चटकन कळत नाही, चित्र बघून बोट जायचं ते आता वाचत बसावं लागतं, अशा तक्रारींचा पाऊस पडला. सगळ्यात जास्त बोललं गेलं ते त्या मोकळ्या जागेबद्दल. ज्याच्या टेबलावर मोठा पडदा आहे, त्याला ऐसपैसपणा शोभतो. लहान, जुन्या लॅपटॉपवर वरची पट्टी जाड झाली की खालचं पान तेवढं कमी दिसतं. अशांसाठी पूर्वी 'कॉम्पॅक्ट' नावाचा आटोपशीर पर्याय होता. नव्या रूपात तो दर्शनी यादीतून काढून टाकला. का, तर तो सहज सापडत नाही आणि फारसं कुणी वापरत नसावं, असा त्यांचा अंदाज! लोकांनी आरडाओरडा केल्यावर मधला मार्ग निघाला. ज्यांनी तो आधी घेतला होता त्यांचा तसाच ठेवला, बाकीच्यांसाठी आतल्या सेटिंगमध्ये खोलवर नेऊन ठेवला, आणि त्याच्या नावापुढे 'याला आमचा आधार नाही' अशा अर्थाची पाटी लावली. साडीच्या दुकानात 'रंग गेल्यास जबाबदारी नाही' लिहितात ना, त्यातलाच प्रकार.

बरं, हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. एप्रिल २०१४ मध्ये फायरफॉक्सच्या २९ व्या आवृत्तीनं टॅबचे कोपरे गोल केले, बरीचशी कामं उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे ठेवली आणि खालची एक पट्टी काढूनच टाकली. 'हे तर क्रोमची नक्कल करायला लागले' अशी तेव्हाची ओरड होती. मग जुनं रूप परत आणणारं 'क्लासिक थीम रिस्टोरर' नावाचं एक ॲड-ऑन आलं, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ वी आवृत्ती आली आणि टॅब पुन्हा चौकोनी झाले! पण त्याच आवृत्तीत जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन्स बंद पडली, त्यात हे जुनं रूप आणणारंही गेलं. इकडे क्रोमनं सप्टेंबर २०१८ मध्ये, आपल्या दहाव्या वाढदिवशी, स्वतःचे टॅब गोल करून घेतले. ब्लाउजच्या बाह्यांचं जे होतं तेच. फुगे येतात, जातात, परत येतात, आणि दर वेळी 'नवीन' म्हणून येतात.

ज्यांनी सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं पैसे मोजून इंटरनेट शिकलं, त्यांना इंटरनेट एक्स्प्लोरर आठवत असेल. २००६ साली त्याची सातवी आवृत्ती आली आणि वरची 'फाइल, एडिट' वगैरेची ओळच दिसेनाशी झाली. की-बोर्डवरची 'ऑल्ट' कळ दाबली की ती परत दिसायची. पण ते सांगणार कोण? घड्याळ मात्र चालूच.

कंपन्यांची बाजू अगदीच नाही असं नाही. फोन इतके उंच झालेत की अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. फोनवर एक आणि संगणकावर भलतंच रूप असेल तर तेही गोंधळाचं. नवीन सोयी आल्या की त्यांना जागा लागते. शिवाय काही तक्रारी निव्वळ कुरकुरीच्या असतात, महिनाभरात हात नव्या जागी सरावतो आणि मग तेच रूप बदलायला काढलं की हीच मंडळी पुन्हा आरडाओरडा करतात. संगणकवाल्यांनी या स्वभावाला एक नाव ठेवलंय, 'बेबी डक सिंड्रोम'. बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे हलताना दिसेल त्यालाच आई समजतं, तसं माणूस जे पहिल्यांदा शिकला तेच बरोबर मानतो, म्हणे. मला या नावातला सूर काही आवडत नाही. पिल्लू आईच्या मागं मागं जातं म्हणून तर जगतं.

आता या सगळ्याचं आपल्याला काय, असं वाटेल. मी बचत गटातल्या बायकांचा दर बुधवारी फोन शिकायचा वर्ग घेते. लाइट बिल भरणं, सातबारा बघणं, गॅसचा नंबर लावणं, बारावीचा निकाल, अशी रोजच्या उपयोगाची कामं. या बायका कशा शिकतात माहितीय? नाव वाचून नाही. जागेवरून शिकतात. 'वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके', 'घरासारखं चित्र', 'तिथून खाली तिसरं'. गटातल्या एका काकूंनी तर वहीत चित्रंच काढून ठेवलीत. एका पानावर तीन ठिपके, त्यापुढे बाण, पुढे चांदणी, आणि खाली लिहिलंय, 'लाइट बिल'. इंग्रजी चौथीपर्यंतही न शिकलेल्या बाईनं स्वतःसाठी तयार केलेली ती पुस्तिका आहे.

एका रात्री फोननं आपणहून अपडेट घेतलं. सकाळी चांदणी जागेवर नाही. काकूंनी काय केलं असेल? फोन बंद केला आणि कपाटात ठेवून दिला. मला म्हणाल्या, "मॅडम, माझ्या हातून कायतरी बिघडलं बघा."

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथंच आहे. फायरफॉक्सवर चिडलेला माणूस म्हणाला, 'कंपनीनं बिघडवलं.' त्याला ठाऊक होतं की आपल्याला नीट येत होतं. आपली बाई म्हणते, 'माझ्याकडून बिघडलं.' ती तक्रार करत नाही, ती फोन मुलाच्या हातात देते. मुलगा दोन मिनिटांत बिल भरतो आणि म्हणतो, "तू राहू दे आई, मीच भरत जाईन." त्याचा हेतू वाईट नसतो हो. पण सहा महिने खपून मिळवलेलं काम एका चांदणीपायी पुन्हा दुसऱ्याच्या हाती जातं. आज बिल, उद्या बँकेची शिल्लक. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी निघालं तेव्हा आधार क्रमांक भरायचा होता, फोनवर आलेला ओटीपी भरायचा होता. ज्यांचा हात फोनवर चालत होता त्यांनी घरी बसून भरला. बाकीच्यांनी तो ओटीपी कुणाकुणाला वाचून दाखवला, ते त्यांनाच माहीत.

क्रोमनंही २०२१ मध्येच अँड्रॉइड फोनवर असा एक बदल केला होता. उघडलेली पानं आधी एकाखाली एक रचलेली दिसायची, ती चौकटींत शेजारीशेजारी मांडली. एखाद्या दुव्यावर बोट दाबून धरलं की 'नव्या टॅबमध्ये उघडा' असं यायचं, त्याऐवजी ते पान एका गटात उघडायला लागलं. जाणकारांनी लगेच आडवाट शोधली, क्रोमच्या प्रयोगांसाठीच्या आतल्या पानावर जाऊन जुनी मांडणी परत मिळवली, एकमेकांना सांगितली. पुढे ती वाटही बंद झाली. पण इतकी बोंब झाल्यावर दुव्याचे दोन्ही पर्याय मात्र शेजारीशेजारी दिले गेले.

बोलल्याचा खरा उपयोग दिसला तो सफारीच्या बाबतीत. जून २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनसाठी सफारीचं नवं रूप जाहीर केलं. पत्ता लिहायची पट्टी वरून खाली आणली, तीही पानावर तरंगणारी, आणि नेहमीची बटणं आत मेनूत ढकलली. मॅक संगणकावर पत्त्याची पट्टी आणि टॅब एकाच ओळीत कोंबले. हे सगळ्यांच्या फोनवर येण्याआधी चाचणीची आवृत्ती काहींना वापरायला मिळते. त्या लोकांनी पहिल्या आठवड्यापासून नावं ठेवायला सुरुवात केली, आणि आश्चर्य म्हणजे ॲपल ऐकत गेलं. उन्हाळाभर दर नव्या चाचणी आवृत्तीत थोडं थोडं मागे घेतलं. २० सप्टेंबरला आयओएस १५ सगळ्यांसाठी आलं तेव्हा सेटिंगमध्ये सरळ निवड होती, पट्टी खाली हवी की वर. मॅकवरही टॅबची वेगळी ओळ परत मिळाली. पुढे क्रोमनंही हीच निवड दिली, आयफोनवर २०२३ मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२५ मध्ये.

तीन महिन्यांत एवढी मोठी कंपनी वळली. वळवणारे कोण होते? प्रोग्राम लिहिणारे, या विषयावर लिहिणारे पत्रकार, नवं काही आलं की आधी वापरून बघणारे हौशी. चाचणीच्या त्या यादीत चित्रं काढून शिकणारी बाई नसते. आणि बदलाची झळ सगळ्यात जास्त बसते ती तिलाच, कारण पुन्हा शिकवणारं माणूस तिच्या घरात असेलच असं नाही. असलं तरी त्याला वेळ असतो का?

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही वर्गात एक नवाच धडा घेतला, तक्रार कशी करायची याचा. फोनमधल्या ब्राउझरच्या मेनूत खाली 'मदत आणि फीडबॅक' अशी ओळ असते. तिथं काय अडलं ते लिहून पाठवता येतं, मराठीतही लिहिता येतं. बायकांना आधी खरंच वाटेना. "आपण लिवलेलं कोण वाचतंय?" असं एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "ग्रामपंचायत तरी वाचती का?" तरी लिहिलं. टाइप करायला वेळ लागतो म्हणून माइकचं बटण दाबून बोलल्या, मग चुका दुरुस्त केल्या. एकीनं लिहिलं, अक्षर मोठं करा आणि चित्राखाली नाव द्या. एकीनं लिहिलं, बदललं तर जुनं परत आणायचं बटण पहिल्याच पानावर ठेवा, आत लपवू नका. त्या चित्रांच्या वहीवाल्या काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं: "लाइट जाणार असली की आदल्या दिवशी मेसेज येतो, तसा आमचं बटण हलवायच्या आधी आठ दिवस मेसेज टाकत जावा. मला वहीत चित्र परत काढाया वेळ लागतो."

वर्गात हशा पिकला. पाठवलं मात्र तसंच्या तसं. अजून उत्तर आलेलं नाही.