पट सप्टेंबरचा, परीक्षा एप्रिलची

जिल्हा परिषद शाळेतली मुले वाचनात मागे पडली, की बोट आधी गुरुजींकडे जाते. बीडमधल्या ऊसतोड मजुरांच्या गावात मात्र आधी कॅलेंडर पाहावे. पटसंख्या धरली जाते ३० सप्टेंबरची. दिवाळीच्या आसपास कोयते कारखान्यांकडे निघतात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. घरी आजी असेल किंवा हंगामी वसतिगृह असेल, तर मूल गावात राहते. नाहीतर फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते. २० मुलांच्या वर्गात अशी चार मुले अडखळली, तरी २० टक्के वर्ग कच्चा दिसतो. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालकच असतात. निकालासोबत नोव्हेंबर ते मार्चची हजेरीही त्यांनी मागावी.