प्रथिनाचा आकडा आणि स्त्रियांचे कर्करोग

पोट फुगते, भूक मंदावली, कंबर दुखते म्हणून बाईला तालुक्याच्या गावी दाखवले. सोनोग्राफीत बीजकोशावर गाठ दिसली आणि डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. संध्याकाळी कागद हाती येतो. त्यावर ‘सीए-१२५’ असे लिहिलेले, पुढे एक आकडा आणि शेजारी ‘३५ पर्यंत’ अशी मर्यादा. आकडा चारशे निघाला की घरात रडारड सुरू होते. वीस निघाला की पेढे वाटायचेच काय ते बाकी राहते. दोन्ही घाईचे आहे. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते आपण पाहू.

सीए-१२५ हे एक प्रथिन. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट, रॉबर्ट नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखण्याची रीत शोधून काढली. बीजकोशाच्या कर्करोगाच्या पेशी हे प्रथिन पृष्ठभागावरून सोडतात आणि ते रक्तात उतरते. १९८३ साली त्यांनी मोजमाप प्रसिद्ध केले. ८८८ निरोगी माणसांपैकी केवळ शेकडा एकाच्या रक्तात हे प्रमाण ३५ च्या वर होते. बीजकोशाचा कर्करोग असलेल्या १०१ रुग्णांपैकी मात्र ८३ जणींच्या. तेव्हापासून ३५ ही रेघ कायम झाली.

पण गोम अशी की, हे प्रथिन कर्करोगाची मिरासदारी नव्हे. पोटाच्या आतल्या अस्तराच्या पेशीही ते सोडतात. ते अस्तर कशानेही चिडले तरी आकडा वर जातो. मासिक पाळीत चढतो, गरोदरपणात चढतो, आणि आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे पोटाच्या क्षयातही चढतो, तोही कित्येकदा शेकड्यांनी. पोटात पाणी, वजन उतरलेले, आकडा मोठा: चित्र हुबेहूब कर्करोगाचे, आणि तुकडा काढून तपासावा तर निघतो क्षय, जो औषधांनी बरा होतो! म्हणून नुसत्या आकड्यावरून “आता काही उरलं नाही” असे म्हणून बाईला घरी घेऊन येणे, याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. उलट बाजूही तशीच. रोग अगदी लहान असताना निम्म्याअधिक नाही तरी जवळजवळ निम्म्या जणींचा आकडा ३५ च्या आतच असतो.

मग निरोगी बायकांचे रक्त दरवर्षी तपासले तर? ब्रिटनमध्ये हा प्रयोग झाला. २००१ ते २००५ या वर्षांत दोन लाखांवर स्त्रिया त्यात घेतल्या. २०२१ साली अखेरचा हिशेब लागला, तेव्हा या तपासणीने बीजकोशाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत असे दिसले. तेव्हा कोणी सरसकट ‘कर्करोग पॅकेज’ म्हणून ही तपासणी गळ्यात मारू लागला, तर खुशाल नाही म्हणावे.

मग या प्रथिनाचा उपयोग कुठे? निदान झाल्यावर, उपचार चालू असताना. गंगाखेडला गोदावरीला पूर आला म्हणजे घाटावरची माणसे पाणी किती फूट आहे हे नंतर विचारतात; आधी विचारतात, “चढतंय का उतरतंय?” तसेच इथे. केमोथेरपी सुरू झाल्यावर पहिल्या शंभर दिवसांत आकडा किती झपाट्याने उतरतो, यावरून औषध लागू पडत आहे की नाही आणि पुढे काय संभवते, याचा अंदाज बांधता येतो. यासाठी प्रत्येक वेळचा कागद तारखेसह जपून ठेवला पाहिजे. नवा आला म्हणून जुना फेकायचा, ही आपली सवय इथे नडते.

उपचार संपल्यानंतर आकडा पुन्हा चढू लागला तर काय, हाही प्रश्न येतोच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पाहणीत, निव्वळ आकडा चढला म्हणून लगेच केमोथेरपी दिलेल्या स्त्रिया, त्रास सुरू होईपर्यंत थांबलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त जगल्या नाहीत; औषधाचा त्रास मात्र त्यांना सुमारे पाच महिने आधी सुरू झाला. आज नवी औषधे आली आहेत, त्यामुळे निर्णय डॉक्टरांनीच करावा; पण दर पंधरवड्याला रक्त तपासून झोप घालवण्यात हशील नाही.

गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या कर्करोगात खूण रक्तात नव्हे, तर गाठीच्या तुकड्यात शोधतात. तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात. रुग्णालयात त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे पातळ काप रंगवले की ‘पी-५३’ नावाचे प्रथिन बिघडले आहे काय, हे दिसते. बिघडले असेल तर रोग आक्रमक समजून उपचार वाढवतात. दुसऱ्या काही प्रथिनांचा अभाव आढळला तर रोगप्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे उपयोगी पडण्याचा संभव असतो, आणि रोग घराण्यातून आला काय याचीही चौकशी करावी लागते. म्हणून शस्त्रक्रिया परभणीत होवो की नांदेडात, पुढे संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला टाटामध्ये जाताना नुसती फाईल नेऊ नये. ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. त्या नसल्या तर तपासणी अडते, आणि एक खेप फुकट जाते.

राहिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. खेड्यापाड्यांतील बायकांना यानेच फार गाठले आहे. इथे ‘पी-१६’ नावाचे प्रथिन तुकड्यातील धोक्याचा बदल ओळखायला मदत करते. परंतु तिथवर जाण्याआधीच पुष्कळ काही करता येते, हे आपल्याच मराठवाड्याने जगाला दाखवले आहे. १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख ३१ हजार स्त्रियांची पाहणी केली. हा रोग ज्या विषाणूमुळे होतो, त्याची तपासणी ज्या गटात आयुष्यात एकदाच झाली, त्या ३४ हजार स्त्रियांत आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१ हजारांत ६४ झाले. २००९ साली हे आकडे प्रसिद्ध झाले.

ही विषाणूची तपासणी अजून गावोगाव पोचलेली नाही. पण पातळ केलेले व्हिनेगर लावून गर्भाशयाचे मुख नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची साधी रीत आहे. तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे २०१६ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. प्रशिक्षण घेतलेली नर्सबाई ती काही मिनिटांत करू शकते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कोणत्या वारी होते, हे आशाताईंना विचारता येईल.