जऊळक्याहून जामठ्याला : गर्दीच्या सामन्याची तयारी

जामठ्याच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना पाहणे म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या प्रेक्षकासाठी एक दिवस आणि बहुतेक वेळा एक रात्र मोडणे. मालेगाव तालुक्यातले जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे स्टेशनाचे गाव. तिथून समृद्धी महामार्गाने नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. नागपूरचा माणूस दुपारी कामावरून सुटून सामना गाठतो आणि मध्यरात्रीपर्यंत घरी पोहोचतो. जऊळक्याच्या माणसाला ती सोय नाही. सामना संपल्यावर परत कसे यायचे, हे त्याला तिकीट काढण्याआधीच ठरवावे लागते आणि बाकीची तयारी त्या निर्णयावर बेतावी लागते.

विदर्भ क्रिकेट संघटनेचे हे मैदान शहराबाहेर, दक्षिणेला वर्धा रोडवर आहे. सुमारे 45 हजार प्रेक्षक त्यात मावतात. 6 नोव्हेंबर 2008 रोजी भारत–ऑस्ट्रेलिया कसोटीने इथे कसोटी क्रिकेट सुरू झाले आणि सौरव गांगुलीची तीच शेवटची कसोटी ठरली. 12 मार्च 2011 रोजी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन तेंडुलकरने आपले 99वे आंतरराष्ट्रीय शतक इथेच काढले. त्याआधीचे मोठे सामने सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानावर होत. 26 नोव्हेंबर 1995 रोजी भारत–न्यूझीलंड एकदिवसीय सामना सुरू असताना तिथल्या स्टँडची भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेल्या प्रेक्षकांचे जीव गेले. गर्दीच्या सामन्याची तयारी गांभीर्याने घ्यायची ती यासाठी.

अशा सामन्यांची संख्या थोडी आहे. अमेरिकेत मेजर लीगचा बेसबॉल संघ एका हंगामात 162 सामने खेळतो, त्यांतले 81 स्वतःच्या मैदानावर. बोस्टनचे 1912 सालचे फेनवे पार्क भर शहरात आहे. तिथल्या प्रेक्षकाचा आजचा सामना हुकला तर दुसरा दोन-चार दिवसांत मिळतो, शिवाय कोणत्या गेटने शिरायचे आणि कोणत्या गाडीने परतायचे हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. जामठ्याला मोठा सामना वर्षाकाठी एखादा, कधी तोही नाही. त्यामुळे त्या एका दिवशी अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर असा सगळा विदर्भ एकाच रस्त्यावर येतो आणि त्यातल्या पुष्कळांची ती पहिलीच खेप असते.

तिकिटांची विक्री आता मोबाइलवर होते आणि हव्या त्या जागा फार लवकर संपतात. एका माणसाला किती तिकिटे मिळतील यावर मर्यादा असते. म्हणून आठ-दहा जणांच्या चमूने कोणी किती काढायची हे आधी वाटून घ्यावे. नाहीतर चौघे एका टोकाला आणि चौघे दुसऱ्या टोकाला बसतात. काही सामन्यांना ऑनलाइन नोंदणीनंतर छापील तिकीट नागपुरात जाऊन घ्यावे लागते. असे असेल तर नागपुरात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या नातेवाइकाला ओळखपत्राच्या प्रतीसह हे काम आधीच सांगून ठेवावे. गेटबाहेर दुप्पट-तिप्पट भावाने विकले जाणारे तिकीट घेऊ नये. ते बनावट निघाले, तर दोनशे किलोमीटर येऊन बाहेरूनच परतावे लागते.

कसोटीचे तिकीट काढताना मैदानाचा स्वभाव ध्यानात घ्यावा. जामठ्याची खेळपट्टी फिरकीला साथ देते. 2015ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची आणि फेब्रुवारी 2023ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची, अशा दोन्ही कसोट्या तिसऱ्याच दिवशी आटोपल्या. लांबून येणाऱ्याने पहिला किंवा दुसरा दिवस निवडावा, हेच शहाणपणाचे. ज्यांना लहान मुलांना मैदान दाखवायचे आहे, त्यांनी आधी एखादा रणजी सामना पाहावा. प्रवेश बहुधा मोफत असतो, धक्काबुक्की नसते आणि खेळही कसदार असतो. 2024-25चा रणजी अंतिम सामना इथेच झाला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर केरळला मागे टाकून विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला.

जागा निवडताना उन्हाचा विचार करावा. खेळपट्टी उत्तर–दक्षिण असते, त्यामुळे दुपारी दीडला सुरू होणाऱ्या दिवस-रात्र सामन्यात पूर्वेच्या स्टँडमध्ये बसलेल्यांच्या तोंडावर मावळतीपर्यंत ऊन येते. सगळ्या जागांवर छप्पर नाही. फेब्रुवारीतही नागपूरची दुपार तापते आणि रात्री आठनंतर गारठा पडतो. सुती टोपी आणि अंगावर घालून नेता येईल असा पातळ स्वेटर, दोन्ही लागतात.

प्रवासाचे मार्ग दोन. एक रेल्वेचा : जऊळक्याहून अकोला आणि तिथून मुंबई–हावडा मार्गाने नागपूर. अकोला–पूर्णा मार्ग 2008मध्ये ब्रॉडगेज झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला असला, तरी अकोल्याला गाडी बदलावी लागतेच. दुसरा समृद्धीचा. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि वाशीम जिल्ह्याला नागपूर एकदम जवळ आले. या रस्त्यावर दुचाकी चालत नाही, म्हणून गावातली पोरे बोलेरो किंवा तशीच एखादी गाडी भाड्याने ठरवून वर्गणी काढतात. महामार्ग शिवमडक्याला संपतो. तिथून बाह्यवळण रस्त्याने शहरात न शिरता जामठा गाठता येते. सामन्याच्या दिवशी वर्धा रोडवरची वाहतूक वळवली जाते आणि कोणत्या बाजूने येणाऱ्यांनी कुठे गाडी लावायची, हे पोलीस आदल्या दिवसांत वर्तमानपत्रांतून जाहीर करतात. ते कात्रण किंवा त्याचा फोटो चालकाजवळ असावा. सुरुवातीच्या तीन तास आधी पार्किंगमध्ये पोहोचलेली गाडी बाहेरच्या रस्त्याजवळ लागते. उशिरा आलेली आत कोंडली जाते आणि त्याची किंमत रात्री मोजावी लागते.

गेटवरच्या झडतीत सर्वांत जास्त वेळ आणि वस्तू जातात. पाण्याची बाटली, डबा, पिशवी, पॉवर बँक, हेल्मेट, छत्री, काडेपेटी, लायटर, तंबाखू आत जात नाही. कधी कधी खिशातली चिल्लरही काढून ठेवायला लावतात. विदर्भातल्या गेटवर खर्र्याच्या पन्न्यांचा ढीग पडतो. शिपाई शर्टाचा खिसा चाचपतो, पन्नी बाहेर काढतो आणि पायाशी ठेवलेल्या खोक्यात टाकतो. विनवणीचा उपयोग होत नाही. सामान ठेवण्याची सोय असेलच असे धरून चालू नये. म्हणून पिशवी गाडीतच ठेवावी आणि पोळी-भाजी किंवा भाकरी-ठेचा पार्किंगमध्येच उरकावा. आतले खाणे महाग असते आणि त्यासाठी रांगही लागते. खिशात तिकीट, आधार कार्ड, थोडी रोख रक्कम, रुमाल आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाइल एवढेच असावे. नियमित औषध घेणाऱ्याने गोळ्यांची पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ ठेवावी.

हजारो लोक एका जागी जमले की मोबाइलचे नेटवर्क कोलमडते. तिकिटाचा फोटो आधीच काढून ठेवावा आणि चुकामूक झाली तर कोणत्या गेटच्या खांबाशी भेटायचे, ते आत शिरण्याआधी ठरवावे. मुलाच्या खिशात वडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. जागेवर बसल्यावर पहिले काम म्हणजे बाहेर पडायचा जिना पाहून ठेवणे. चेंडू आपल्या दिशेने उंच उडाला तर मोबाइल बाजूला सारून चेंडूवर नजर ठेवावी. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत उडणाऱ्या चेंडूंमुळे इतक्या दुखापती झाल्या, की 2020पर्यंत मेजर लीगच्या मैदानांवर प्रेक्षकांपुढच्या संरक्षक जाळ्या वाढवल्या गेल्या. आपल्याकडे षटकार पडतो त्या भागात तशी जाळी नसते.

सामना वेळेवर सुरू होईल याचीही खात्री नसते. 23 सप्टेंबर 2022 रोजी भारत–ऑस्ट्रेलिया टी-20 सामना सातला सुरू व्हायचा होता. आधीच्या पावसाने मैदान ओले राहिले आणि पहिला चेंडू रात्री साडेनऊला पडला. आठ-आठ षटकांच्या त्या सामन्यात रोहित शर्माने 20 चेंडूंत नाबाद 46 धावा केल्या. पाहणाऱ्यांना त्या आठ षटकांतही भरपूर मिळाले, पण बाहेर पडायला मध्यरात्र होत आली.

शेवटचा चेंडू पडताच सगळे स्टँड एकदम उठतात आणि धोक्याची वेळ हीच असते. 4 जून 2025 रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर, संघाच्या विजयोत्सवात झालेल्या चेंगराचेंगरीत 11 जण मृत्युमुखी पडले. जिन्यावर धाव घेण्यापेक्षा वीस मिनिटे जागेवरच बसावे, मुलांना हाताला न धरता पुढ्यात घ्यावे, पडलेली चप्पल उचलायला वाकू नये. गर्दीच्या उलट दिशेने कधीही जाऊ नये. तिरपे सरकत कडेला यावे.

रात्री साडेदहा-अकराला सुटलेल्या सामन्यानंतर पार्किंगमधून निघायलाच तास जातो. त्यानंतर समृद्धीवरचा सरळ, निर्मनुष्य रस्ता दमलेल्या चालकाला झोप आणतो. 1 जुलै 2023च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला सिंदखेडराजाजवळ अपघात होऊन 25 प्रवासी गेले. त्या रस्त्यावरच्या रात्रीच्या प्रवासाबद्दल विदर्भात तेव्हापासून धास्ती आहे. ज्या चालकाने सामना पाहिला, त्याने रात्री गाडी चालवू नये. एकतर दिवसभर झोपलेला वेगळा चालक ठेवावा, नाहीतर मुक्काम करावा. मुक्कामाला वर्धा रोडवरची हॉटेले सामन्याच्या दिवशी महाग असतात. सीताबर्डी किंवा रेल्वे स्टेशनच्या बाजूला परवडणाऱ्या खोल्या मिळतात. खापरी ते सीताबर्डी मेट्रो 2019पासून धावते आणि सामन्याच्या दिवशी तिच्या वेळा वाढवल्या जातात, मात्र जामठ्याहून खापरीपर्यंतचे वाहन आधी बघून ठेवावे आणि शेवटच्या गाडीची वेळ त्या दिवसाच्या सूचनेवरून पक्की करावी.

सकाळी रेल्वेने परतणाऱ्यांनी अकोल्यापासूनच्या गाडीची चौकशी नागपुरातच करावी. पूर्णेकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या जऊळक्याला थांबत नाहीत. थांबणारी गाडी मिळाली नाही तर वाशीमचे तिकीट काढावे आणि तिथून एसटीने किंवा मिळेल त्या वाहनाने गावी यावे.