छऱ्याची बंदूक आणि न बसणारे भाग

माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, फुगे फोडण्याचे दुकान तेथे हटकून असते. फळीवर रांगेने फुगे आणि समोर दोन-तीन जुन्या छऱ्याच्या बंदुका. अशीच एखादी बंदूक कुणाच्या घरी आजोबांच्या वेळेपासून माळ्यावर पडलेली असते. ती उघडणे सोपे. अडते ते पुन्हा जोडताना! सारे भाग समोर हजर असतात, पण जागेवर बसायला एकही तयार नसतो. असे का होते, ते पाहू.

या बंदुकीत दारू नसते. नळी मोडली की दट्ट्या मागे सरकतो, जाड स्प्रिंग दाबली जाते आणि खटका दट्ट्याला अडवून धरतो. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो व समोरची हवा दाबतो. ती हवा छऱ्याला ढकलते. म्हणजे हा सायकलचा पंपच म्हणा ना. हाताचे काम स्प्रिंग करते, एवढेच.

पहिली अडचण स्प्रिंगची. मोकळी असताना ती आपल्या जागेपेक्षा काही बोटे लांब असते. हा दोष नव्हे. ती मुळातच दाबून बसवायची असते, तरच दट्ट्याला शेवटपर्यंत जोर मिळतो. पण पुष्कळजण बंदूक भिंतीला टेकवून छातीने रेटतात. हात निसटला तर मागचा लोखंडी ठोकळा थेट तोंडावर येतो; दात जातात, डोळाही जाऊ शकतो. म्हणून सुताराचा लांब क्लॅम्प घ्यावा, एकेक आटा फिरवीत ठोकळा आत न्यावा, भोके जुळली की पिन घालावी आणि मगच क्लॅम्प सैल करावा. उघडतानाही हाच क्रम. तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नये.

दुसरी अडचण दट्ट्याच्या चामडी वॉशरची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चामडे वाळून कडक होते. ते रात्रभर तेलात मुरू द्यावे. आत घालताना नळकांड्याच्या खाचेची धार वॉशरची कड कापते. म्हणून ती धार बारीक पॉलिश पेपरने आधी मोडावी. मग बांबूच्या गुळगुळीत चिपेने कड आत दाबीत दट्ट्या हळूहळू फिरवीत ढकलावा.

तिसरी अडचण सांध्याच्या पिनेची. तीन भागांची भोके एका रेषेत येत नाहीत, आणि हातोडा मारला तर भोकेच बिघडतात. तेव्हा त्याच जाडीच्या सळईचे एक टोक निमुळते करून ती आधी घालावी. भोके जुळली, की खरी पिन मागून सारावी. तात्पुरती सळई आपोआप पुढे निघून येते.

तेल किती घालावे? चामड्याला मुरले तेवढे पुरे. पंप मारताना तो तापतो, हे आपण अनुभवले असेल. बंदुकीत हवा क्षणार्धात दाबली जाऊन फारच तापते, आणि जास्तीचे तेल पेट घेते. डिझेल इंजिनाचेही तत्त्व हेच. त्या धक्क्याने स्प्रिंग व वॉशर दोन्ही खराब होतात.

जोडणी झाल्यावर छरा न घालता चाप ओढू नये. छऱ्याच्या अडथळ्यामुळे दट्ट्यापुढे हवेची गादी राहते. ती नसली तर दट्ट्या लोखंडावर आदळतो. छरा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरावी. खटका झिजलेला असला, तर नळी फटकन मिटते आणि बोट सापडते. खटक्याचे तोंड झिजले असेल, तर घरी कानस न चालवता जाणत्या कारागिराकडेच जावे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर व्यासाच्या, २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. दोन किलो वजन एक मीटर उचलायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. आकडा लहान दिसला, तरी डोळा जायला ती पुरेशी आहे. म्हणून दुरुस्त केलेली बंदूक पोरांच्या हाती देण्यापूर्वी मोठ्या माणसाने ती स्वतः, मागे मातीचा ढीग असलेल्या पुठ्ठ्यावर चालवून पाहावी.