म्हाताऱ्या तट्टाला नवें कुरण मानवेल काय?

खालापूर तालुक्यांतील लोधिवली हें गांव माथेरान आणि प्रबळगड यांच्या डोंगररांगांच्या पायथ्याशीं, चौक या जुन्या गांवाजवळ वसलें आहे. याच चौकच्या मुक्कामावरून १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट समोरचा डोंगर चढून गेले आणि माथेरानचा शोध लागला, असें इतिहासांत लिहितात. डोंगरावरील ठाकूर, कातकरी व धनगर यांना तो शोध पुष्कळ आधींच लागलेला होता, ही गोष्ट निराळी. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ माथेरानीं जावयाचें तर पायीं, डोलींतून किंवा तट्टावर बसून, एवढेच मार्ग होते. १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. परंतु मोटारींना गांवांत मज्जाव राहिल्यामुळें तट्टांचें काम कांहीं संपलें नाहीं. अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा वर आल्या आहेत. तरीही दस्तुरी नाक्यावर उतरणाऱ्या पाहुण्याला लगाम धरून उभा असलेला घोडेवाला आजही भेटतोच.

या तट्टांच्या उमेदीच्या दिवसांविषयीं सर्वांना ठाऊक असतें. त्यांच्या म्हातारपणाविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. मुंबईंत जून २०१५ मध्यें उच्च न्यायालयानें व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हां गाड्यांचें काय करावयाचें यापेक्षां घोड्यांचें काय करावयाचें, हाच प्रश्न अधिक कठीण होता. जुनी गाडी एखाद्या वखारींत ठेवतां येते. घोड्याला रोज खावयास लागतें.

असें समजूं कीं, माथेरानच्या लाल वाटा तुडवून थकलेलें एखादें तट्टू लोधिवलीच्या एका सुशिक्षित कुटुंबानें दयाबुद्धीनें विकत घेतलें. तें वाडींत आंब्याखालीं बांधलें गेलें, मुलांनीं त्याला नांव दिलें, आजीनें एकादशीच्या भगरीचा घांस त्याला भरविला आणि पांचसात वर्षांत तें घरचेंच होऊन गेलें. आतां त्याचें वय पंचविशीच्या पुढें आहे. वैशाखांत त्याच्या बरगड्या मोजतां येऊं लागल्या. ऊन वाढलें तरी अंगावरचे केस झडले नाहींत. उलट ते लांब व दाट दिसूं लागले. पुढचे पाय टाकतांना तें कचरतें. अशा वेळीं बहुधा थोरल्या काकांना सुचतें कीं, घाटावर शिरूरकडे आपल्या आप्तांचें शेत आहे, तेथें मोकळें कुरण आहे, हवा कोरडी आहे. पावसाळ्यापूर्वीं त्याला तिकडे धाडावें. घरांतील निम्मीं माणसें हो म्हणतात, निम्मीं डोळे पुसतात, आणि मूळ प्रश्नाचा विचार करावयाचा तसाच राहून जातो.

काकांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. खालापूर-कर्जतकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सव्वाशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. शिरूरकडे वर्षाकाठीं वीस-पंचवीस इंच पडला तर शेतकरी समाधानी असतो. चिखलांत रात्रंदिवस उभें राहिलेल्या घोड्याचे खूर आंतून कुजतात, पायांना खरजेसारखे चट्टे पडतात. ओलें अंग व गार वारा हीं म्हाताऱ्या, रोडावलेल्या जनावराला सोसत नाहींत. मराठ्यांच्या पागा ज्या तट्टांनीं भरलेल्या असत, तीं भीमथडीचीं तट्टें कोरड्या प्रदेशांतलींच. तेव्हां देशावरची हवा घोड्याला मानवते, हें खरें. परंतु हवा बदलली म्हणजे रोग बदलतो असें नाहीं. म्हणून कुरणाची चौकशी करण्यापूर्वीं तट्टाचें तोंड उघडून पाहावें, हें बरें.

घोड्याच्या दाढा आपल्या दाढांसारख्या नसतात. तरुण घोड्याची दाढ तीन-चार इंच लांब असून तिचा बहुतेक भाग जबड्यांत दडलेला असतो. खरखरीत गवत चावून ती वर्षाला दोनतीन मिलिमीटर झिजते आणि तितकीच खालून वर सरकते. पंचविशीच्या सुमारास ही ठेव संपत येते. मग दाढा गुळगुळीत होतात, हलूं लागतात, कांहीं पडतात. कांहींना एका बाजूनें सुरीसारख्या धारा येऊन गाल व जीभ कापली जाते. असें जनावर गवत तोंडांत घेतें, घोळवितें आणि ओला बोळा करून खालीं टाकून देतें. गव्हाणीभोंवतीं असे बोळे पडलेले दिसले, तर जगांतील उत्तमांतलें उत्तम कुरणही त्याच्या उपयोगाचें नाहीं. देशावरचा मारवेल व पवन्या हीं गवतें नामांकित खरीं. पण तीं चावावयास दांत हवेत. आणि त्याच माळांवर कुसळी गवताची कुसळें पिकलीं म्हणजे तीं दुखऱ्या हिरड्यांत रुततात, ती पीडा वेगळीच. ज्याला चावतां येत नाहीं त्याला बारीक कापून भिजविलेला चारा दिवसांतून चारपांच वेळां द्यावा लागतो, आणि तें काम कुरण करीत नाहीं. घरांतील कोणीतरी करावें लागतें.

दुसरी गोष्ट त्या न झडणाऱ्या केसांची. पुष्कळ घरीं हें वयाचें लक्षण म्हणून सोडून देतात. वास्तविक म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्यूटरी नांवाची ग्रंथि बिघडते, तेव्हां केस असे वाढतात, जनावर पाणी फार पितें, लघवी फार करतें, पाठीवरचें मांस उतरतें आणि पोट तेवढें लोंबतें. रक्त तपासून हा विकार ओळखतां येतो आणि पर्गोलाइड नांवाच्या औषधानें तो पुष्कळ अंशीं आवरतां येतो. पण या विकाराचें खरें भय पायांत असतें. खुराच्या आंत हाड व नखाचें कवच यांना जोडणारे नाजूक पापुद्रे सुजतात. घोडा पुढच्या पायांवरचा भार काढून टाचांवर मागें रेलून उभा राहतो. खुराला हात लावला तर तो ऊन लागतो. अशा घोड्याला कोवळें, लुसलुशीत गवत म्हणजे साखरेच्या रोग्याला पंक्तींतली जिलबी. त्यांतील साखर व पिष्ट यांनीं पापुद्र्यांचा दाह वाढतो आणि कधीं कधीं आंतलें हाड फिरून घोडा पुन्हां उभा राहूं शकत नाहीं. पहिल्या पावसानंतरचें हिरवेंगार माळरान पाहून आपले डोळे निवतात. त्याच वेळीं त्याचे पाय जातात.

येथें घरगुती समजुतींविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. म्हातारें जनावर खात नाहीं म्हटलें कीं त्याच्यापुढें कोंड्याचें घमेलें ठेवण्याची रीत आहे. थोडा भिजलेला कोंडा ठीक. परंतु महिनेच्या महिने कोंडाच घातला तर त्यांतील स्फुरद चुन्याला मारक होतो आणि हाडें पोकळ होतात. दुधाच्या जनावरांसाठीं बांधावर लावलेलें संकरित नेपिअर गवतही घोड्याला नित्य देऊं नये. त्यांतील ऑक्झॅलेट चुना बांधून ठेवतें. गाईला जें मानवतें तें घोड्याला मानवेलच, हा समज पुष्कळ घोड्यांच्या जिवावर आला आहे. गाय रवंथ करते, घोडा करीत नाहीं. त्याला उलटीही करतां येत नाहीं. त्याचा चारा मोठ्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतूंच्या मदतीनें कुजून पचतो, आणि त्या जंतूंना नव्या चाऱ्याची ओळख व्हावयास दोन आठवडे तरी लागतात. तेव्हां जुना चारा ट्रकमध्यें सोबत नेऊन तो हळूहळू कमी करीत नवा वाढविणें, एवढें जरी केलें तरी पोटशूळाचीं निम्मीं संकटें टळतील. आणखी एक सूचना आमच्या वाचकांच्या घरांना विशेष लागू आहे. पूजेच्या फुलांसाठीं परसांत लावलेली कण्हेर घोड्याला अतिशय विषारी असते. मूठभर पानें जीव घ्यावयास पुरतात. नव्या जागीं कुंपणाला कण्हेर आहे कीं काय, हें कुरणाच्या एकरांपेक्षां आधीं पाहावें.

आपल्या पूर्वजांनीं घोड्याच्या चाऱ्याचा हिशेब किती बारकाईनें केला होता! १६७० नंतरच्या कांहीं वर्षांतील एका मे महिन्यांत चिपळुणाकडे छावणीस असलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनीं जें पत्र लिहविलें, तें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच मनस्वीपणें उडवाल, तर भर पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील आणि तो दोष तुमचाच ठरेल, अशा आशयाची ताकीद त्यांत आहे. लढाईंत नव्हे, छावणींतल्या आळसानें घोडा मरतो, हें महाराजांनीं ओळखलें होतें. लोधिवलीच्या कुटुंबाचा प्रश्न लहान आहे, पण हिशेब तोच आहे. दोनशे किलो वजनाच्या तट्टाला दिवसास तीन-चार किलो कोरडा चारा लागतो. चार महिन्यांचे साडेचारशे किलो झाले. तो उंच माचीवर, बुरशी न लागतां सांठविण्याची सोय लोधिवलींत आहे काय? असेल, आणि वर पत्र्याचें किंवा कौलांचें छप्पर व खालीं मुरुमाचा उंच ओटा करतां येत असेल, तर घाट चढण्याची अर्धी निकड तेथेंच संपते.

प्रवासाचाही विचार हवा. घाटांतून ट्रकनें पांचसहा तास उभें राहणें हें निरोगी घोड्यालाही श्रमाचें असतें. ज्याचे खूर सुजले आहेत त्याला तें छळासारखें होतें. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणें घोडा प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. हा दाखला कोठूनतरी कागद म्हणून मिळवूं नये. त्या निमित्तानें पशुवैद्याकडून खरी तपासणी करून घ्यावी. रक्त तपासतांना ‘सरा’ या रोगाचीही शंका फेडून घ्यावी. घोडमाश्यांच्या दंशानें पसरणारा हा रोग ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें ओळखला. मधूनमधून ताप, पोटाखालीं व पायांवर सूज, आणि खात असूनही रोडावत जाणें, हीं त्याचीं लक्षणें. अशा जनावराला हवापालटास नेणें म्हणजे आप्तांच्या घोड्यांना रोग नेऊन देणें होय. माणसालाही होणाऱ्या ग्लँडर्सची तपासणी तर दुसऱ्या घोड्यांत मिसळण्यापूर्वीं केलीच पाहिजे.

एवढें सर्व अनुकूल निघालें, दांत बरे आहेत, खूर थंड आहेत, रक्त स्वच्छ आहे, तरी एक प्रश्न उरतो: त्याचा सोबती कोण? घोडा एकटा राहणारा प्राणी नव्हे. म्हाताऱ्या घोड्याची दृष्टि मंद झालेली असते आणि ओळखीच्या जागेंत तो पायांच्या आठवणीनें हिंडतो. शेजारची शेळी किंवा गाढव हेंच त्याचें कळप बनलेलें असतें. नव्या कुरणावरील तरुण घोडे त्याला दाण्यापासून हुसकून लावतात आणि तो मुकाट्यानें उपाशीं राहतो. मोकळें कुरण असें आपण ज्याला म्हणतों तें त्याच्या दृष्टीनें परमुलूख असतो. सोबती असलेली शेळी बरोबर पाठवितां येत असेल तर पाठवावी. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

महाभारतांत जयद्रथवधाच्या दिवशीं, सूर्य मावळावयास थोडा अवधि असतां, श्रीकृष्णानें भर रणांगणांत रथाचे घोडे सोडले, त्यांच्या अंगांतील बाण उपटले, स्वतःच्या हातांनीं त्यांना खरारा केला, पाणी पाजलें, चारा दिला आणि मगच रथ जोडला. अर्जुनाची प्रतिज्ञा पणाला लागली होती, तरी तेवढा वेळ काढला गेला. आमच्या घरांतील घाई कशाची असते? बहुधा आषाढांत तट्टू आपल्या डोळ्यांसमोर पडूं नये याची. ही भावना समजण्यासारखी आहे, पण तिला ‘हवापालट’ हें नांव देऊं नये. पांजरपोळांत धाडण्यामागेंही कित्येकदां हीच भावना असते. जबाबदारी देणगीच्या पावतीबरोबर संपली, असें मन मानून घेतें.

यांतला सर्वांत अवघड भाग असा कीं, कधीं कधीं नेणें आणि ठेवणें दोन्ही चुकीचें असतें. खुरांतलें हाड फिरलें आहे, दाढा गेल्या आहेत, उठवून उभें करावें लागतें, अशा स्थितींत पशुवैद्य स्पष्ट सांगतात कीं, जगविणें हीच आतां यातना आहे. प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानें १९६० सालींच अशा जनावराला वेदनारहित मरण देण्याची मोकळीक ठेविली आहे. आमच्या घरांत हा विषय निघाला कीं हिंसेचा शब्द पुढें येतो आणि बोलणें थांबतें. आजीचा विरोध आदरानें ऐकावा. पण तिला गोठ्यांत नेऊन जनावर दाखवावेंही. आमच्या मतें, आठवडाभर चिखलांत पडून मरूं देणें हें अहिंसेंत बसत नाहीं. ज्यांना तें बसतें असें वाटतें, त्यांनीं निदान रात्रीं त्याची कूस बदलावयास उठण्याची तयारी ठेवावी.

हा निर्णय वैशाखांतच व्हावयास हवा; मृग लागल्यावर वाट चिखलाची होते आणि मनही कच्चें होतें. नेण्याचें ठरलें, तर पहिले पंधरा दिवस घरांतील एका जाणत्या माणसानें तट्टाजवळ राहावें, त्याची लीद रोज पाहावी, खुरांना हात लावावा, आणि जुन्या चाऱ्याचें शेवटचें पोतें संपेपर्यंत परत येऊं नये. तसें राहावयास कोण जाणार, हें दिवेलागणीपूर्वीं ठरत नसेल, तर ट्रक सांगूं नये.