शिबिराविना मल्ल आणि आपले कर्तव्य

मिक्स्ड मार्शल आर्ट्स या क्रीडाप्रकाराची खास शिबिरे गावोगावी नाहीत. म्हणून अनेक तरुण तालमीत कुस्ती, अन्यत्र बॉक्सिंग शिकतात व उरलेला सराव घरीच करतात. त्यात गैर काही नाही. धरपकडीचा पाया तालमीत उत्तम होतो. उणीव असते ती मर्यादा घालणाऱ्या प्रशिक्षकाची.

ती मर्यादा आपल्या शास्त्रात आहे. सुश्रुताचार्यांनी बलार्धापर्यंतच व्यायाम सांगितला. श्वास मुखावाटे येऊ लागणे हे त्याचे लक्षण. स्पर्धकास क्वचित त्यापलीकडे जावे लागेल, परंतु नित्य नव्हे.

खरा धोका वजन उतरवण्यात आहे. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी स्पर्धक लढतीपूर्वी वजन घटवताना तीव्र निर्जलीकरण होऊन मृत्यू पावला. वजनाच्या आदल्या दिवशी रेचक मागणारा तरुण आपल्याही दारी येऊ शकतो. विरेचन हे शोधनकर्म आहे, काट्यावर उतरण्याची युक्ती नव्हे. अशा वेळी औषध न देता त्यास वरच्या वजनगटात लढण्याचा सल्ला द्यावा, अशी वैद्यबंधू-भगिनींस व औषधविक्रेत्यांस आमची आग्रहाची विनंती आहे.