समुद्री टँकमधला ‘एप्टेशिया’ खरवडल्यावर का वाढतो? तो आटोक्यात कसा आणायचा?

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवा खडक किंवा प्रवाळाचा तुकडा ठेवला जातो. काही आठवड्यांनी त्याच्या फटीतून फिकट तपकिरी रंगाचे, नखाएवढे एक ‘फूल’ डोकावते. सुरुवातीला फुकट मिळालेला पाहुणा म्हणून त्याचे कौतुक होते. मग दोनाची दहा होतात, दहाची पन्नास. शेजारचे प्रवाळ आक्रसू लागतात आणि हे प्रकरण सजावटीचे नाही, हे लक्षात येते. हा असतो एप्टेशिया. घरगुती समुद्री मत्स्यालये ठेवणाऱ्यांची ही सर्वात जुनी डोकेदुखी आहे.

एप्टेशिया म्हणजे नेमके काय?

दिसायला फूल असले तरी तो प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश यांचा तो नातेवाईक. नळीसारखे अंग, वर तोंड आणि तोंडाभोवती लांब, टोकदार शुंडके, अशी त्याची रचना. शुंडकांमध्ये डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. अंग बरेचसे पारदर्शक असल्याने त्याला ‘काचेचे समुद्रफूल’ असेही म्हणतात.

त्याच्या शरीरात प्रवाळांप्रमाणेच सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा एप्टेशियाला मिळतो. शिवाय पाण्यातून वाहत येणारे अन्नकण तो स्वतः पकडतोच. त्यामुळे दिवे बंद ठेवून तो उपाशी मरत नाही. शैवाल गेले तरी तो पांढरा पडून, मिळेल ते खात तग धरतो. त्याआधी टँकमधले प्रवाळच दगावतात.

हा चिवटपणा शास्त्रज्ञांच्या मात्र पथ्यावर पडला. प्रवाळ आणि शैवाल यांचे नाते अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये एप्टेशिया मुद्दाम वाढवला जातो. २०१५ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला.

खरवडला की वाढतो, तो कसा?

एप्टेशिया तळव्याने खडकाला चिकटलेला असतो. सरकताना तळव्याचे बारीक तुकडे मागे राहतात आणि प्रत्येक तुकड्यातून नवा, पूर्ण एप्टेशिया तयार होतो. म्हणजे चिमट्याने ओढला, सुरीने खरवडला किंवा ब्रशने घासला, की आपणच त्याची रोपे लावतो. शिवाय धक्का लागताच तो क्षणात फटीत शिरतो आणि डंख मारणारे पांढरे धागे बाहेर सोडतो.

म्हणून पहिला नियम : हात लावायचा तर पूर्ण मारण्याच्या तयारीनेच, नाहीतर लावू नये.

मोजकेच असतील तर काय करावे?

सर्वात सोपा मार्ग म्हणजे तो चिकटलेला छोटा खडक किंवा प्रवाळाचा तुकडा बाहेर काढणे. तेवढाच भाग तोडता आला तर तोडून फेकून द्यावा.

ते शक्य नसेल तर चुन्याची पेस्ट वापरतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, थोड्या पाण्यात दाट कालवतात. पानाच्या चुन्यातले मूळ रसायन तेच असले तरी त्यात इतर काय मिसळले आहे हे कळत नाही, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारी शुद्ध भुकटीच घ्यावी. कृती अशी :

- हातमोजे आणि चष्मा घालावा. चुना त्वचेला आणि डोळ्यांना भाजतो.
- सर्व पंप बंद करावेत, म्हणजे पेस्ट प्रवाळांवर उडणार नाही.
- पेस्ट सिरिंजमध्ये भरून, एप्टेशियाला न हलवता हळूच तोंडाजवळ न्यावी आणि तोंडावर सोडावी. तो मिटलाच तर फट पेस्टने बुजवावी.
- काही मिनिटांनी सुटी पेस्ट ओढून घ्यावी आणि मग पंप सुरू करावेत.

चुन्याने पाण्याचा पीएच वाढतो. त्यामुळे एका दिवशी थोडेच एप्टेशिया मारावेत, लहान टँकमध्ये तर दोन-तीनच. बाजारात याच कामासाठी तयार द्रावणेही मिळतात. वापरण्याची पद्धत साधारण हीच. जे सुटतील ते काही दिवसांत पुन्हा डोके वर काढतात, म्हणून फेरी परत मारावी लागते.

संख्या हाताबाहेर गेली तर?

मग त्याला खाणारे प्राणी आणावे लागतात. प्रत्येकाची अडचण वेगळी आहे.

पेपरमिंट कोळंबी : लहान एप्टेशिया रात्री खाते. पण माशांचे खाणे भरपूर मिळाले तर तिकडे ढुंकूनही पाहत नाही. तिच्यासारखीच दिसणारी, पाठीवर कुबड असलेली कॅमल कोळंबी चुकून आणली, तर ती मऊ प्रवाळांवरच ताव मारते.

बर्घिया : ही छोटी समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशिया खाते, म्हणून प्रवाळांना तिचा धोका नाही. मात्र काम संपले की ती उपाशी मरते. काही रास मासे आणि कोळंब्या तिलाच खातात, म्हणून तिला पेपरमिंट कोळंबीच्या जोडीला सोडू नये.

कॉपरबँड बटरफ्लाय मासा : अनेकदा एप्टेशियाचा फडशा पाडतो. पण त्याला मोठा टँक लागतो, आणि बंदिस्त जागेत तो खायला लागेलच याची खात्री नसते.

खडक उकळले तर?

हा उपाय कधीही करू नये. समुद्री खडकांवर झोअँथिड गटातले प्राणी असू शकतात आणि त्यांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असते. उष्णतेने ते नष्ट होत नाही. खडक उकळताना वाफेबरोबर घरभर पसरू शकते. अशा प्रकारे संपूर्ण कुटुंबांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. वाफ घेतल्यावर खोकला, धाप किंवा ताप आला तर घराबाहेर पडून तातडीने डॉक्टर गाठावा आणि कारण स्पष्ट सांगावे.

तो येऊच नये म्हणून?

नवा खडक किंवा प्रवाळ काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून, फटींवर लक्ष ठेवून मगच आत घ्यावा. प्रवाळ ज्या बुंध्यावर चिकटवलेला येतो, तो शक्य असेल तर बदलावा. माशांना बेताचेच खाणे द्यावे, कारण उरलेले अन्न एप्टेशियाच्याच पोटात जाते. आणि खडक समुद्रातून उचलून आणण्याच्या फंदात पडू नये : भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे.

पूर्ण नायनाट झाला असे समजणे मात्र घाईचे ठरते. पाइपमध्ये किंवा खडकाच्या मागे एखादा उरलेला असतोच. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन पाहणे आणि दिसेल तो एकटा असतानाच संपवणे, यावरच पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो.